दुसरा डबा

डिसेंबर २००६, सोमवार, संध्याकाळी सहा. गुरुजींनी टेबलावर एक रिकामा डबा, एक भरलेला डबा आणि छापील कागद ठेवला. कागदावर त्यांच्या लेकीने, तृप्तीने, नाशिकरोडच्या सायबर कॅफेतून चर्चेच्या संकेतस्थळावर टोपणनावाने विचारलेला प्रश्न होता: "आई जाऊन चार वर्षं झाली. बाबा शाळेत दोन डबे नेतात. दुसऱ्यात एका बाईंसाठी मेथी. त्यांना दुसऱ्या लग्नाचं कसं विचारू?" नाव नव्हतं, पण अंबडच्या शाळेत दोन डबे आणणारे गुरुजी एकच होते. "स्टाफरूममध्ये कुणीतरी मोठ्याने वाचलं," ते म्हणाले. "बाईंनी डबा न उघडता परत दिला." "चुकलं, बाबा." "सगळ्यांना विचारलंस. मलाच नाही." मग कागदावर बोट ठेवलं. "आणि मेथी नाही, शेपू असतो. त्यांना तोच आवडतो." मंगळवारी त्यांनी पुन्हा दोन डबे भरले. संध्याकाळी ते एकच डबा घेऊन परतले.