मामाच्या फोटोच्या वाट्या

मुलांनो, डोळे मिटा आणि कोल्हापूरच्या राजारामपुरीतली एक गच्ची समोर आणा. मांडव घातलाय. पंगत बसलीय. पांढऱ्या रश्श्याच्या बादलीतून वाफ निघतेय. आणि कोपऱ्यात चौथीतली तेजस्वी कागदी वाट्यांची चळत सोडवतेय. चळत सुटत नाही. वाट्या एकमेकींना चिकटून बसल्यात.

आज तिच्या धाकट्या भावाचं, सम्राटचं जावळ. वाट्या धैर्यशीलमामानं खास छापून आणलेल्या. बाहेरून निळ्याभोर रंगात सम्राटचं नाव आणि मामाचा फोटो.

"धैर्यशील, भाच्यापरास तुझाच फोटू मोठा हाय की रं!" पंगतीतून कुणीतरी ओरडलं.

"मामा मोठाच असतोय, पावणं!" मामानं तिथल्या तिथं परतवलं. पंगत हसली.

तेजस्वीनं जोर लावून एक वाटी सोडवली. आत बघितलं, तर आतल्या बाजूला सम्राटचं नाव. उलटं, पुसट, निळं. वरच्या वाटीचा ओला रंग खालच्या वाटीच्या पोटात उतरला होता. तिनं बोट फिरवलं. बोट निळं झालं.

ती पळत आईकडे गेली. "आई, रंग सुटतोय. वाटीच्या आतनं!"

"आत्ता नको गं. पावणं बसल्यात." आई लिंबं चिरत होती. तिनं मान वर केली नाही.

मग ती मामाकडे गेली. बोट त्याच्या नाकासमोर धरलं.

"तर्री लागली असंल," मामा न बघताच म्हणाला.

"तर्री निळी असती व्हय?"

"अगं, कालच छापल्यात. ताजा माल हाय. फडक्यानं पूस आन् दे वाढायला. शहाणपणा नको."

तेजस्वीनं फडकं घेतलं. एक वाटी पुसली, दुसरी पुसली. फडकं निळं झालं, आणि वाट्याही निळसरच राहिल्या. तोवर वाढप्यानं तिच्यासमोरच्या चळती उचलून पंगतभर वाट्या मांडल्यासुद्धा. मागोमाग रस्सा आला. कढत, मटणाच्या चरबीचा, नारळाच्या दुधाचा. असल्या रश्श्याला कच्चा रंग ओढून घ्यायला कितीसा वेळ लागतो?

तेजस्वी एकेका वाटीत डोकावत पंगतीमागून चालली. रश्श्याच्या कडेनं निळी रेघ धरत होती. कोल्हापूरच्या जेवणात निळं काहीच नसतं. पण पंगतीचं लक्ष वाटीत नव्हतंच. ते मामाकडे होतं. या घरात जावळाच्या दिवशी रश्श्याची पहिली चव बाळाला, तीही मामाच्या बोटानं. त्यानंतरच पंगतीनं जेवायचं.

मामानं गुळगुळीत डोक्याच्या सम्राटला मांडीवर घेतलं. वाटीत करंगळी बुडवली. जरासा थबकला. त्यालाही दिसलं असावं. पण सगळी गच्ची बघत होती, आणि फोन वर झाले होते.

"व्हय की मामा, चाटव! भुका लागल्यात!" पंगतीतून आवाज आला.

करंगळी निघाली. सम्राटनं पाखराच्या पिल्लासारखा आ केला.

तेजस्वी दोन ताटं ओलांडून आली आणि तिनं आपला डावा, स्वच्छ हात बाळाच्या तोंडावर ठेवला.

आईच्या हातातली सुरी थांबली.

"हात काढ, तेजा," मामा दात आवळून म्हणाला. "लोक बघत्यात."

तिनं हात काढला नाही. उजव्या हातानं तिनं मामाची वाटी उचलली आणि त्याच्याच ताटातल्या पांढऱ्या भातावर, सगळ्यांना दिसेल अशी, सावकाश ओतली. भातावर निळा ओघळ पसरला.