सातव्या स्तंभातील ओल

१९८४ साली माझी कन्या हेमलता निरनिराळ्या प्राण्यांच्या रक्तातील एकाच प्रथिनाची अक्षरे, म्हणजे त्याच्या घटकांची एकाक्षरी चिन्हे, ताडून पाहत होती. द्वारकेजवळच्या आमच्या घरी, भर दुपारी, ती प्रत्येक प्राण्याची कागदी पट्टी एकाखाली एक मांडी. उत्क्रांतीत ज्याचे अक्षर गळले, त्याच्या पट्टीत तेथे रिकामा चौकोन सोडायचा. पोथ्यांचे पाठ मी आयुष्यभर असेच जुळविले, म्हणून तिला साह्य करीत होतो. सोमवारी तिला प्रबंध द्यायचा होता.

बेडकाच्या पट्टीतील, सातव्या स्तंभातला रिकामा चौकोन मला ओला दिसला. स्पर्श करताच बोटाला पिवळसर बुळबुळ लागली. तिला सडक्या कांद्यासारखा दर्प होता.

"डिंक असेल, नाना. सोवळं मोडलं का तुमचं?"

मी पट्टी सरकविली. ओल तिच्याबरोबर गेली नाही. ती सातव्या स्तंभातच राहिली, आणि तेथे आलेले अक्षर विरघळून वाहू लागले.

"हेमा, फेकून दे हे."

"दोन वर्षांचं काम फेकू? माणसाच्या पट्टीत एवढी एक जागा सोडली, की सगळं जुळतंय बघा."

मी तिचा हात धरण्याआधीच तिने माणसाच्या पट्टीतील सातवे अक्षर खोडले.

"जुळलं, नाना!" ती हसली. तिच्या पुढच्या दातांत एक जागा रिकामी होती, आणि तेथून तीच बुळबुळ ओठावर उतरत होती.

"तुझा दात, हेमा?"

"कुठला दात? तिथे कुणालाच नसतो."

माझी जीभ नकळत माझ्या त्याच दाताकडे सरली, आणि एका मऊ, सडक्या पोकळीत खोल रुतली.