दत्तरावांचं पथ्य

दत्तराव पहाटे उठून पांढरे कॅनव्हासचे बूट चढवायला लागले, तेव्हा कुसुमबाईंच्या मनात पाल चुकचुकली. पंचवीस वर्षांच्या संसारात हा माणूस घर ते शाळा आणि शाळा ते घर, यापलीकडं कधी पायी गेला नव्हता.

कारण दुखण्याचं होतं. आठ दिवसांपूर्वी दवाखान्यातून येऊन ते खाली मान घालून म्हणाले होते, "मला साखर निघाली."

कुसुमबाईंची थोरली बहीण बायनाबाई पाथरीला ह्याच रोगानं गेली. डॉक्टरनं नाव घेतलं त्या दिवशी तिनं जे अंथरूण धरलं, ते भीतीनं सोडलंच नाही.

"भ्यायचं काम न्हाई," दत्तराव म्हणाले. "रोज सावकाश चालायचं अन् खाणं सुधारायचं. सरजाबाई सांगतात तसं."

सरजाबाई दवाखान्यात नर्स होती. कुसुमबाईंच्या तळपायात काटा मोडला तेव्हा महिनाभर पट्टी तीच बदलायची; जखम भरेना म्हणून तिनं एकदा रक्तही तपासायला घेतलं होतं. पट्टी कुसुमबाईंची, आणि गप्पा मात्र दत्तरावांशी. विधवा बाई, पन्नाशी गाठलेली, पण चाल कशी ताठ. दत्तराव घरी येऊन तिचं कौतुक करत. तिच्या घरी तेलाचं बोट लागत नाही, ती मोडाची मटकी खाते, तिला कधी दम लागत नाही. कुसुमबाई भाकरी थापता थापता ऐकत आणि भाकरी करपत.

एक दिवस त्या मागोमाग गेल्या. रेल्वे फाटकापाशी सरजाबाई उभी होतीच. दोघं बोलत बोलत चालू लागली. वळणावर तिनं पिशवीतून एक पुडकं काढून दत्तरावांच्या हातात ठेवलं.

घरी पुडकं उघडलं तर मेथीदाणे निघाले. कुसुमबाईंचा राग त्यानं कमी झाला नाही. परक्या बाईनं आपल्या नवऱ्याच्या पोटाची काळजी करायची, आणि आपण काय नुसत्या चुलीपुढं बसायचं?

दुसऱ्या दिवशी त्या वहाणा घालून दारात उभ्या राहिल्या.

"मी बी येणार हाय."

"लय चालावं लागतं," दत्तराव म्हणाले.

"त्या बाईला जमतंय, मला न्हाई जमत?"

पहिल्या दिवशी कापसाच्या जिनिंग गिरणीपर्यंत जाताच त्यांना धाप लागली. महिन्याभरात फाटक आलं, मग फाटकापलीकडचा पूल. सरजाबाई अधूनमधून भेटे. कुसुमबाई दोघांच्या मधून चालत. स्वयंपाकातही त्यांनी मागं राहायचं नाही असं ठरवलं. ज्वारीची भाकरी, करडईची भाजी, मोडाची मटकी, पातळ ताक. चहातला गूळ गेला, सणाची पुरणपोळीसुद्धा बंद झाली. नवऱ्याला एकट्याला पथ्याचं ताट वाढलं तर तो त्या बाईची आठवण काढील, म्हणून त्या स्वतःही तेच जेवत. चोळ्या सैल झाल्या, पाण्याची घागर हलकी वाटू लागली. तिकडं त्यांचं लक्षही नव्हतं. लक्ष सगळं फाटकाकडं.

असे आठ महिने गेले. मग एका दुपारी सदरा धुवायला घेताना खिशात चुरगळलेला कागद सापडला. त्याला पेढ्याचा चुरा चिकटला होता.

कुसुमबाईंच्या डोक्यात तिडीक गेली. पथ्य सांगणारी, मेथीदाणे देणारी बाई, चोरून पेढे चारते. म्हणजे नवरा आजारी राहावा, चकरा चालू राहाव्यात. कागद मुठीत धरून त्या तशाच दवाखान्यात गेल्या.

सरजाबाई एकटीच होती, कापसाचे बोळे करत बसलेली. कुसुमबाईंनी कागद तिच्यापुढं टेबलावर टाकला.

"आठ महिने झाले, मी त्यांच्या तोंडात साखरेचा कण जाऊ दिला न्हाई. अन् तुमी त्यांना पेढे चारता? मारायचं हाय का त्यांना?"

सरजाबाईनं कागद पाहिला. तिला हसू आलं, पण तिनं ते आवरलं. उठून दार लोटलं आणि कुसुमबाईंना हाताला धरून स्टुलावर बसवलं.

"पेढे त्यांनी हौसेनं खाल्ले असतील, खाऊ द्या," ती हळू म्हणाली. "दत्तरावांची साखर आमी कधी तपासलीच न्हाई. निघाली होती ती तुमाला."