नववा प्रश्न

गावची आशा कार्यकर्ती शिवांजली नैराश्य तपासायच्या फॉर्मवरचे आठ प्रश्न विचारायची आणि नववा गाळायची. 'जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतं का?' असं कुणाच्या घरात बसून विचारायचं तरी कसं? घरात अभद्र बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणते, हे तिला सासूनं शिकवलं होतं. म्हणून त्या रकान्यात ती स्वतःच 'नाही' लिहून मोकळी व्हायची.

तालुक्याला, मेढ्यात झालेल्या प्रशिक्षणात डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांना बजावलं, "हा प्रश्न गाळायचा नाही. विचारल्यानं कुणाच्या मनात नसलेलं येत नसतं."

दुसऱ्या दिवशी ती साळूबाईंकडं गेली. दोन महिने साळूबाई धड जेवत नव्हत्या, कुणाशी बोलत नव्हत्या. आठ प्रश्न झाले. नवव्याला शिवांजलीची जीभ रेटेना. प्रश्न गाळायचा नव्हता आणि वास्तूच्याही कानावर जायला नको होता. शेवटी तिनं तोड काढली.

"मावशी, जरा अंगणात येता?"

साळूबाई उंबऱ्याबाहेर आल्या. शिवांजलीनं एका दमात विचारून टाकलं, "जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतं का वो?"

साळूबाईंनी मागं वळून घराकडं पाहिलं. मग शिवांजलीचा हात घट्ट धरला आणि मोठा श्वास सोडला.

"वाटतं गं, रोज वाटतं. ने मला डाक्टराकडं, उद्याच ने. पर लय बरं केलंस पोरी, भाईर बोलावलंस. घरात कसं बोलणार हुते मी? वास्तू तथास्तु म्हणती न्हवं?"