एल म्हणजे लातूर

"क्लच आधी, मग ब्रेक! किती बार सांगायचं?" खाजामियाँ ओरडला.

हुमानं क्लच कधीचाच दाबला होता. "हाव अब्बा," ती म्हणाली.

जीप किल्लारीहून लातूरला निघाली होती. मागं चाळीस डबे. क्लासेससाठी लातुरात खोल्या करून राहिलेल्या पोरांचे, त्यांच्या आयांनी पहाटे उठून भरलेले. डबा चुकला आणि मार्क कमी पडले, की खापर डबेवाल्यावर. म्हणून रोज हीच खेप, रविवारीसुद्धा. बापलेक दोघंही पार दमून गेले होते.

खाजामियाँनं या रस्त्यावर तीस वर्षं जीप चालवली. भूकंप झाला त्या दिवशी जखमींना घेऊन त्यानं लातूरच्या सात खेपा केल्या. आता काचबिंदूनं डोळ्यांपुढं नुसतं धुकं. पण कायदा तो कायदा. शिकाऊच्या शेजारी पक्कं लायसनवाला बसलाच पाहिजे, आणि लायसन त्याच्याकडं होतं. पोरगी पास झाली की संपलं. मग दिवसभर बाजेवर माश्या मारत पडायचं, दुसरं काय!

म्हणूनच हुमा पाचव्यांदा नापास होऊन आली तेव्हा त्यानं तिला फैलावर घेतलं खरं, पण मनातून त्याला हायसं वाटलं. तसं वाटल्याची लाजही वाटली.

"रिव्हर्समधी खांब पाडला म्हणं! खाजामियाँची पोरगी अन् खांब पाडती!" आजही त्यानं तेच उगाळलं.

"पडला अब्बा. काय करू?"

"समोर बघ. गतिरोधक आला."

गतिरोधक मागं पडला होता. डबे वाजलेही नव्हते.

औशाच्या अलीकडं एका म्हातारीनं हात केला. ओळखीची केवळाबाई. हुमानं जीप थांबवली.

"लातूरपस्तोर घ्या की मला."

"न्हाई मावशी, पोरगी शिकाऊ हाय. सवारी चालत न्हाई," खाजामियाँ म्हणाला.

"मंग पाटीवर एल कशाला काढलाय? एल म्हंजे लातूरच ना?"

खाजामियाँ पोट धरून हसला. हुमा दमल्यासारखी हसली आणि तिनं गिअर टाकला.

औशाच्या नाक्यावर शिट्टी वाजली. खाजामियाँ सावरून बसला. डोळ्यांचं कळलं तर ही सीट गेलीच.

हवालदार नवा होता. तो खाजामियाँच्या खिडकीशी आला. "गाडी शिकाऊ चालवून राहिली. लायसनवाला कोण?"

"मी हाय ना साहेब!" खाजामियाँनं ऐटीत लायसन पुढं केलं, ते समोरच्या काचेकडं.

हवालदारानं हात लांबवून ते घेतलं. वाकून त्याच्या डोळ्यांत बघितलं. "चाचा, तुम्हाला दिसतंय का?"



"साहेब, आधी माझं बघा की," हुमा घाईनं म्हणाली आणि तिनं बापापुढून हात घालून आपलं लायसन दिलं.

हवालदारानं ते वाचलं. पुन्हा वाचलं. ते पक्कं लायसन होतं, तीन वर्षांपूर्वीचं. त्यानं पुढच्या एलच्या पाटीकडं पाहिलं, मग हुमाकडं. तिनं हात जोडले होते.

"काय साहेब, कच्ची हाय ना पोरगी अजून?" खाजामियाँनं भीतभीत विचारलं.

हवालदारानं घसा खाकरला. "लई कच्ची हाय चाचा. शेजारची सीट सोडू नका."