फक्त हो की नाही

निवडणुकीला आठवडा उरला होता. उमेदवार इद्रिस वॉन वेल्समधल्या खाणवस्तीत दारोदार मतं मागत फिरत होता. पूर्वी तो खाणकंपनीचा वकील होता. उत्तर ठाऊक असल्याशिवाय साक्षीदाराला प्रश्न विचारायचा नाही, हा त्याचा नेम. एका म्हातारीनं दार उघडलं. “ओळखलंस? कोर्टात माझ्या नवऱ्याला तू विचारलेलंस, कंपनीनं धुळीसाठी मास्क दिला होता का? फक्त हो की नाही.” त्याला आठवलं. म्हातारा खोकत “हो” म्हणाला, पुढे काही सांगू लागला, तोच यानं “आभारी आहे” म्हणून त्याला बसवलं. भरपाईच्या दाव्यातून कंपनी सुटली. “काय सांगायचं होतं त्यांना?” त्यानं आता विचारलं. “मास्क होता रे. चौघांत एक.” तिनं त्याचं पत्रक घेतलं. “विचार ना, मत देणार का? मीही फक्त हो की नाही सांगते.” या प्रश्नाचं उत्तर त्याला ठाऊक होतं. तरी विचारवेना.