डाव्या बाजूचं माप

"पुन्हा डावीकडेच घोळ!" नणंद पडद्याआडून तणतणत बाहेर आली आणि नवा ब्लाउज तिने भावजयीच्या टेबलावर टाकला. "उजवीकडे छान बसतो, डावीकडे चुण्या. तुझा हात गेला गं आता!"

शिवणाचं दुकान दोघींचं. भावजय बेतायची, नणंद शिवायची आणि दिवसभर दोघी भांडायच्या. भांडणाचं कुणालाच काही वाटत नसे. पण भावजयीच्या कात्रीला आजवर कुणी नाव ठेवलं नव्हतं, आणि नणंदेचा बिघडलेला हा तिसरा ब्लाउज होता. तिला फार लागलं. नजर अधू झाली की काय, या धास्तीने तिने गिऱ्हाइकाचं कापडही बाजूला सारलं.

दुपारी तिने तिन्ही ब्लाउज उसवले. डावा तुकडा उजव्यावर ठेवला. काठाला काठ जुळला, सुताचाही फरक नाही. तिचा जीव भांड्यात पडला आणि दुसऱ्याच क्षणी टांगणीला लागला.

"वन्सं, कापड बरोबर आहे. जरा आरशासमोर या."

"नाचता येईना, अंगण वाकडं! सत्तरीत आरसा कसला बघायचा? वयाने उतरतंच सगळं."

"उतरतं ते दोन्हीकडे. तुमचं एकाच बाजूला काहीतरी झालंय. हात वर करा बघू."

नणंदेने कुरकुरत हात वर केले. डाव्या स्तनावर कातडी आत ओढली गेली होती, गादीला टाका घातल्यासारखी. दुखत काहीच नव्हतं, म्हणून तिचं कधी लक्षच गेलं नव्हतं. भावजयीने दुकानाला कुलूप लावलं आणि तिचा हात धरला, तो थेट दवाखान्यात सोडला.

गाठ निघाली, पण लहान होती. "वेळेत आलात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. गाठ काढली, पुढचे उपचार झाले. त्या सगळ्या दिवसांत भावजय तिच्या उशाशी बसून राहिली आणि औषधाच्या प्रत्येक गोळीवरून तिच्याशी भांडली.

बरी होऊन नणंद दुकानात आली, तेव्हा भावजयीने मोजपट्टी काढली. उजवीकडचं माप झालं. डावीकडे येताच तिचे डोळे भरून आले.

"रडतेस काय वेडे? नीट मोज," नणंद म्हणाली. "डावी बाजू आता लहान बेत. यापुढे दोन्ही सारख्या कापल्यास, तर मात्र खरंच म्हणेन, तुझा हात गेला."